मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर: ऑक्टोबर ते मे, गोव्याच्या गढूळ पाण्यात

स्कूबा डायव्हिंगला लागणारा, पाण्याखालची खोली आणि वेळ दाखवणारा हा कॉम्प्युटर गेल्या ऑक्टोबरात घेतला, मे संपताना धुऊन-पुसून डब्यात ठेवला. मधल्या काळात ३४ डाइव्ह झाल्या. त्यातल्या ३० गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या ग्रँड आयलंडच्या आसपास, ४ कर्नाटकातल्या मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटाला. मॉडेल अगदी साधं आहे: दोन बटणं, काळे-पांढरे आकडे, आणि टँकमधल्या हवेचा दाब दिसण्याची सोय नाही. घेतला तेव्हा किंमत २२ हजार होती.

घेतला तेव्हा दादा म्हणाला होता, "गोव्यात याचं काय काम गो? आपण जातो बारा-चौदा मीटर." दादा म्हणजे माझा मावसभाऊ, पाण्याखालचा माझा कायमचा बडी, म्हणजे जोडीदार. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. शरीरात नायट्रोजन किती विरघळला याचा हिशेब ठेवणं हे या यंत्राचं मुख्य काम, आणि बारा मीटरवर त्याची सुरक्षित मर्यादा गाठायच्या खूप आधी आपली हवा संपत येते. तरी आठ महिन्यांनंतर माझं मत ठाम आहे की हे यंत्र इथंच जास्त लागतं. पावसाळा संपला तरी झुआरी नदीचं गढूळ पाणी मुरगावच्या तोंडाशी समुद्रात येतच असतं. ऑक्टोबरातल्या एका डाइव्हला तर पुढं पोहणाऱ्या दादाचे फिन्सही दिसत नव्हते. खाली तळ नाही, वर बोटीची सावली नाही, चहूकडे एकसारखा हिरवा उजेड. अशा पाण्यात आपण वर चाललोय की खाली, हे शरीराला कळतच नाही. नेत्राणीला तळ स्वच्छ दिसत होता, तिथं मी मनगटाकडे क्वचितच पाहिलं. ग्रँड आयलंडला दर अर्ध्या मिनिटाला बघते.

डिसेंबरातली गोष्ट सविस्तर सांगते, कारण ही चूक नवीन डायव्हर हमखास करतात. सुझीज रेकवर पहिल्या डाइव्हला मला भराभर खाली गेल्यासारखं वाटलं, म्हणून दुसऱ्या डाइव्हला मी कमरेच्या पट्ट्यातून, खाली जायला मदत करणारं, दोन किलो वजन काढलं. कुणाला विचारलं नाही. खाली उतरताना सगळं छान वाटलं, त्या बुडालेल्या जहाजाच्या लोखंडावरून फिरताना तर हलकं हलकं. पण भरलेल्या टँकमधल्या हवेलाही वजन असतं. आपले नेहमीचे ॲल्युमिनियमचे टँक २०० बार दाबाला भरले की आत अडीच किलोच्या आसपास हवा असते. ५० बारपर्यंत आलो म्हणजे जवळजवळ दोन किलो आपण वापरून टाकलेली असते, म्हणजे शेवटी आपण तेवढे हलके होतो. पाच मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून वर येण्याआधीचा थांबा, सुरू झाला आणि मी तिथं थांबूच शकेना. बीसीडी, म्हणजे हवा भरायचं जाकीट, पूर्ण रिकामी केली तरी वर. कॉम्प्युटर किंचाळायला लागला, ४.२, ३.५, २.१ असे आकडे पडत गेले आणि मी पृष्ठभागावर बाहेर आले. शेवटच्या या टप्प्यातच हवा सगळ्यात वेगानं फुगते, पाच मीटरवरची फुफ्फुसभर हवा वर येईपर्यंत दीडपट होते. श्वास सोडत राहिले म्हणून इजा झाली नाही. पण वीस-पंचवीस मीटरवरून डॉल्फिन दाखवणारी बोट गेली, तिचा आवाज अजून कानात आहे. आता किती वजन लागतं याची परीक्षा मी डाइव्हच्या शेवटी, ५० बार उरलेले असताना करते आणि वजनाचा तो आकडा लॉगबुकात लिहिते. शिवाय एसएमबी, म्हणजे बोटींना दिसावा म्हणून वर सोडायचा तो नारिंगी फुगा, जवळ असल्याशिवाय इथं उतरत नाही.

दुसरी चूक पाण्याबाहेरची. फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी दोन डाइव्ह करून बायणाहून थेट फोंड्याला घरी आले, जेवले आणि चोर्ला घाटानं बेळगावला मामीकडे निघाले. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर विमानाचं चित्र होतं, म्हणजे अजून विमानात बसू नका अशी खूण. मी मनात म्हटलं, विमानानं कुठं जातेय, गाडीनं तर चाललेय. संध्याकाळी आमच्या इन्स्ट्रक्टर सरांना सहज फोन केला, तर ते एकदम गंभीर झाले. "अगो, ते विमानाचं चित्र नाही, उंचीचं चित्र आहे. बेळगाव साडेसातशे मीटरवर आहे आणि घाट त्याहूनही वर जातो." दिवसात एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्या किंवा सलग काही दिवस केल्या तर उड्डाणाआधी किमान १८ तास थांबायचं, एकच केली असेल तर १२, हा नियम मला तोंडपाठ होता. पण तो ६०० मीटरच्या वरच्या उंचीसाठी सांगितलेला आहे, आणि रस्त्यानं चढलेली उंचीही उंचीच, हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. उंचीवर हवेचा दाब कमी झाला की विरघळलेल्या नायट्रोजनचे शरीरात बुडबुडे होऊ शकतात, म्हणून सरांनी सांधे दुखतात का, हाताला मुंग्या येतात का, असं दोनदा विचारलं आणि रात्रभर फोन जवळ ठेवला. तसं काही झालं नाही. त्या रात्री मला झोप मात्र लागली नाही. आंबोली, चोर्ला, अनमोड, कुठल्याही घाटानं वर जाणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. गोव्यातून घाट चढून घरी परतणारे किती तरी जण डाइव्ह करून त्याच दुपारी निघतात.

दादाच्या बाबतीतही एकदा चुकलं. मला सर्दी झाली म्हणून दुसऱ्या डाइव्हला मी बोटीवरच थांबले आणि त्याला कॉम्प्युटर दिला. सरांनी तो तिथल्या तिथं काढून घेतला. यंत्रात पहिल्या डाइव्हचा हिशेब माझ्या शरीराचा होता, दादानं पहिली डाइव्ह वेगळ्या खोलीवर केली होती. उधार दिलेला कॉम्प्युटर दुसऱ्याला खोटा आधार देतो. सर्दीत न उतरण्याचा निर्णय मात्र बरोबर होता. कान साफ होत नसतील तर कुठलंही यंत्र ते सांगत नाही.

हवेचा दाब दिसत नाही ही या मॉडेलची खरी उणीव. एकदा खोली आणि वेळ बघण्यातच गुंतले आणि टँकचा दाब दाखवणाऱ्या गेजकडे पाहिलं तेव्हा ६० बार. दादाकडे हवा भरपूर होती, आम्ही शांतपणे वर आलो. तेव्हापासून मनगट पाहिलं की लगेच गेज, अशी जोडीच लावून घेतलीय.

बॅटरी सी.आर. २०३२, घरीच बदलता येते. झाकणाखालच्या रबरी रिंगवर एक केस राहिला तरी पाणी शिरतं, म्हणून ती उजेडात बसून, सिलिकॉन ग्रीस लावून बदलावी. बॅटरी काढली की माझ्या मॉडेलमधला आधीच्या डाइव्हचा हिशेब पुसला जातो, त्यामुळे दोन डाइव्हच्या मध्ये बोटीवर ती अजिबात बदलू नये. बटणांत मीठ साचून मार्चमध्ये एक बटण दबेनासं झालं होतं, कोमट गोड्या पाण्यात तासभर ठेवल्यावर सुटलं. काच मात्र कालवांच्या खडकाला घासून ओरबाडली, पहिल्याच दिवशी संरक्षक फिल्म लावायला हवी होती. पट्टा लांब आहे ते बरं. खाली गेल्यावर वेटसूट दबतो आणि वर घट्ट वाटलेला पट्टा सैल होतो, तो पाण्यातच एक भोक आवळावा लागतो.

वर्षातून एक-दोनदा पर्यटक म्हणून उतरणाऱ्याला हे विकत घ्यायची गरज नाही, इन्स्ट्रक्टर सोबत असतोच. लायसन्स काढून दर महिन्याला जाणाऱ्यानं फिन्सच्याही आधी हे घ्यावं. दादानं एप्रिलमध्ये स्वतःचा घेतला, हेच मॉडेल. आता सेफ्टी स्टॉपला आम्ही मनगटं शेजारी धरतो आणि दोन्ही आकडे जुळवून बघतो.