मेडिकल कोडिंग क्लास, नौपाडा: न्यूरो भारी, बाकी ठीकठाक
ठाण्यात गोखले रोडजवळच्या एका क्लासला सीपीसी परीक्षेसाठी (मेडिकल कोडरचं सर्टिफिकेट; उपचारांना बिलासाठी ठरलेले कोड देणं हे त्याचं काम) जात होते, नाव नको. न्यूरोचा भाग मात्र एक नंबर शिकवला. मॅडमनी ऑपरेशन नोट दिली, मी लगेच मेंदूतल्या ट्यूमरचा कोड ६१५१० लिहून मोकळी, कवटी उघडली, ट्यूमर काढला, अजून काय हवं, तर मॅडम म्हणतात, "अगं, पॅथॉलॉजी रिपोर्ट वाच की आधी!" तिथे मेनिन्जिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ, तिचा कोड ६१५१२, आणि तोच खाली लहान मेंदूच्या बाजूला असता तर ६१५१९. ऑपरेशनला कॉम्प्युटर नॅव्हिगेशन वापरलं असेल तर ६१७८१ जोडीला, एकटा कधीच नाही. स्कल बेसला, म्हणजे कवटीच्या तळाला, तर आत जायच्या वाटेचा कोड वेगळा, गाठ काढायचा वेगळा, ईएनटीवाला नि न्यूरोसर्जन दोघं असले की ज्याने जे केलं ते त्याच्या नावावर.

आता रडगाणं. सीपीटी, म्हणजे या कोडांची यादी, दरवर्षी १ जानेवारीला बदलते आणि यांनी पुस्तक दिलं गेल्या वर्षीचं, वर आधीच्या कोणाच्यातरी पेन्सिलीच्या खुणा! परीक्षेत ४ तासांत १०० प्रश्न सोडवायचे आणि पूर्ण मॉक टेस्ट घेतली फक्त एक, तीही एसी बंद असताना. न्यूरोच्या मॅडम असतील त्याच बॅचला जा, फी भरायच्या आधी विचारून घ्या.