लाइमचा डॉक्सी कोर्स चालू आहे: सॉना, इन्फ्रारेड, स्टीम की नुसतं गरम पाणी?

न्यू जर्सीला आल्यावरही गोचीड म्हटलं की आपल्याला गोठ्यातली, रक्त पिऊन टम्म फुगलेलीच आठवते, पण इथली हरणांवरची, त्यातून मे ते जुलैमधली तिची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी, चावली तरी कळत नाही. आमच्याकडे नवऱ्याच्या मांडीवर पसरत जाणारा लाल चट्टा आला, म्हणजे लाइम, गोचीड चावून होणारा जंतुसंसर्ग, आणि त्यावरचं अँटिबायोटिक डॉक्सीसायक्लिन (डॉक्सी) सुरू झालं, १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आणि तिसऱ्या दिवशी साहेब विचारतात, जिमचं सॉना फुकटच आहे, जरा घाम काढून येऊ का? म्हणून ही तुलना.

आधी एक गोष्ट क्लिअर करूया. गरमीने लाइमचे जंतू मरतात ते लॅबमध्ये, जास्त तापमान तासनतास ठेवलं तर. सॉनात शरीराच्या आतलं तापमान साधारण एखाद डिग्रीच वर जातं, तेही थोडा वेळ. सिफिलिसचा जंतू लाइमच्याच नात्यातला, तसाच पिळदार, आणि त्यावर मुद्दाम मलेरियाचा ताप आणून उपचार केल्याबद्दल वाग्नर-याउरेग या ऑस्ट्रियन डॉक्टरांना १९२७ चं नोबेल मिळालं होतं, पण ते तापाचे हाल होते, त्यात लोक दगावलेही, पेनिसिलिन आल्यावर ते बंदच पडलं. तेव्हा उपचार म्हणून चारही पर्यायांना शून्य मार्क. उरतं काय तर बरं वाटणं आणि झेपणं.

फिनिश सॉना म्हणजे ८० ते १०० डिग्री सेल्सिअस, कोरडी हवा. नाडी १०० च्या वर सहज जाते, अर्धा लिटर घाम जातो. डॉक्सीने आधीच मळमळ, जेवण धड नाही, त्यात हे, म्हणजे उठताना डोळ्यांपुढे अंधारी. आणि लाइम कधीकधी हृदयाच्या ठोक्यांच्या वायरिंगलाच धक्का लावतो, म्हणून चक्कर, धडधड, दम लागणं यातलं काहीही असेल तर सॉनाचा विचार सोडा, त्याच दिवशी ईसीजी करा. गोळ्या सुरू केल्यावर पहिल्या दिवशी थंडीताप येऊ शकतो, तेव्हाही नाही म्हणजे नाही.

इन्फ्रारेड सॉना, म्हणजे गरम हवेपेक्षा किरणांनी अंग तापवणारं, ४५ ते ६० डिग्रीचं, श्वासाला सोपं. डॉक्सीवर ऊन चालत नाही मग हे कसं चालतं, असं बऱ्याच जणांना वाटतं, तर त्रास अल्ट्राव्हायोलेटचा असतो आणि इन्फ्रारेडमध्ये ते नसतं. टॅनिंग बेड (अल्ट्राव्हायोलेट दिव्यांखाली त्वचा सावळी करायचा) मात्र अजिबात नको. बाकी "डिटॉक्स"ची पाटी वाचून हसायचं आणि पुढे जायचं, घामात मुख्यतः पाणी आणि मीठच असतं, खरं काम किडनी आणि लिव्हरचं.

स्टीम रूमचा आकडा कमी दिसतो, ४०-५० च्या आसपास, पण दमटपणा जवळपास १०० टक्के, घाम वाळतच नाही. मुंबईचा मे महिना आठवा, एसीशिवायचा. ज्यांना लाइमनंतर गरमी सोसत नाही त्यांच्यासाठी माझ्या मते हाच सगळ्यात वाईट.

गरम शॉवर किंवा दुखऱ्या खांद्याला शेकायची पिशवी, हे दिसायला काहीच नाही पण अंगदुखीला जेवढं पाहिजे तेवढं यातच मिळतं. गुडघा सुजून गरम लागत असेल तर मात्र शेक नको, बर्फ. हाताला आयव्हीची लाइन (शिरेतून औषध द्यायची नळी) असेल तर टबात बसू नका, घामाने त्यावरची पट्टीसुद्धा सुटते.

आमच्याकडे ठरलं ते असं: कोर्स संपेपर्यंत शॉवर, नंतर चक्कर नसेल तर डॉक्टरांना विचारून इन्फ्रारेड, सुरुवातीला पाच-दहा मिनिटं, सोबत कोणीतरी, बिअर बंद. घाम आल्यावर ताक छान लागतं, पण त्याच्यासोबत डॉक्सी घेऊ नका, कॅल्शियम गोळीला अडवतं, दोन तास मध्ये जाऊ द्या, आणि गोळी भरपूर पाण्याबरोबर, घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

आणि हो, बॅकयार्डातून आल्यावर कोरडे कपडे ड्रायरमध्ये हाय हीटवर १० मिनिटं फिरवा, गोचीड त्यात खरंच मरते.