नाण्यांसाठी घरगुती अग्निरोधक तिजोरी: घ्यावी का?

संग्रह थोडा वाढला की बरेच जण छोटी अग्निरोधक तिजोरी घेतात. नाणी घरातच राहतात, मनात येईल तेव्हा काढून बघता येतात आणि चोरीची धास्तीही मिटते, असा हिशोब असतो. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत, तिसरी बहुतेकदा नाही. शिवाय नाण्यांच्या धातूचा विचार केला तर ही पेटी त्यांच्यासाठी चांगली जागाच नाही.

कारण तिच्या भिंतींत आहे. या तिजोऱ्यांत आतल्या-बाहेरच्या आवरणांच्या मध्ये सहसा जिप्सम किंवा काँक्रीटसारखा भराव असतो. त्यात पाणी बांधलेले असते. आगीत ते वाफ होऊन उष्णता शोषते आणि आतले कागद वाचतात. पण आग नसतानाही हा भराव थोडाथोडा ओलावा सोडत राहतो आणि दार घट्ट बसत असल्याने तो आतच कोंडतो. महिनोन्‌महिने न उघडलेल्या अशा तिजोरीत तांब्याच्या नाण्यांवर डाग पडतात, चांदी काळवंडते. सोन्याला फारसे काही होत नाही.

आगीचे संरक्षणही नीट वाचून घ्यावे. यूएल या अमेरिकी चाचणी संस्थेच्या 72 क्रमांकाच्या मानकातला 'क्लास 350' म्हणजे ठरलेल्या वेळात आतले तापमान 350 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे 177 अंश सेल्सिअसच्या वर जाणार नाही. कागद तेवढे सोसतो. नाणी ठेवायच्या पारदर्शक डब्या, म्हणजे कॅप्सूल, बऱ्याचदा ज्या पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकच्या असतात ते मात्र 100 अंशांच्या आसपासच मऊ पडते. तिजोरी परीक्षेत उत्तीर्ण झाली तरी आत प्लॅस्टिक नाण्याला चिकटलेले सापडू शकते. 'क्लास 125' मध्ये मर्यादा 52 अंशांच्या आत असते, पण त्या तिजोऱ्या बऱ्याच जड आणि महाग येतात.

चोरीचे मानक वेगळेच असते आणि आगीच्या शिक्क्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. 'टीएल-15' शिक्का असलेल्या तिजोरीचे दार हत्यारांच्या प्रत्यक्ष हल्ल्यापुढे 15 मिनिटे टिकलेले असते. घरगुती अग्निरोधक पेटीवर असा शिक्का सहसा नसतो. तीस-पस्तीस किलोंची पेटी तर फोडायचीही गरज नाही, दोघे जण ती तशीच उचलून नेतात. म्हणून तळाला बोल्टची भोके कारखान्यातूनच दिलेली आहेत का ते बघा. नंतर ड्रिल मारले तर भरावाला भोक पडते आणि आगीची हमीही जाते. तिजोरी काँक्रीटच्या जमिनीत बोल्टने कसावी, तीही कोपऱ्यात, म्हणजे दोन बाजूंनी पहार घालायला जागा मिळत नाही.

तिजोरी आधीच घेतली असेल तर आत डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) ठेवा. तो खरा सांगतो का हेही तपासा: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते नुसते ओलसर करा, हायग्रोमीटरसोबत हवाबंद डब्यात ठेवा. आठ-दहा तासांनी आकडा 75 टक्क्यांच्या जवळ यायला हवा. जितका फरक दिसेल तितका पुढच्या प्रत्येक वाचनात वजा-अधिक करायचा. आतली आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली, जमल्यास 35 ते 40 च्या दरम्यान ठेवावी. ओलावा शोषणारे सिलिका जेल रंग बदलणारे घ्या. नारिंगी दाणे हिरवे झाले की सुमारे 120 अंशांवर दोन-तीन तास तापवून परत वापरता येतात. दाणे बदलायचे राहिले तर मात्र असून नसून सारखेच.

बँकेच्या लॉकरबद्दल थोडक्यात: चोरीपासून त्याला तोड नाही, आनंदाच्या दृष्टीने तो निरुपयोगी. आतल्या वस्तूंचा विमा बँकेने काढलेला असेल असे गृहीत धरू नका, करार वाचा. खालच्या मजल्यावरचा लॉकर असेल तर वरच्या ओळीतला मागा, पाणी शिरते ते खालून. जी नाणी गेली तर पुन्हा मिळणारच नाहीत ती इथे, बाकीची घरी. पण प्रत्येक नाण्याची नोंद आधी करा: दोन्ही बाजूंचे फोटो, 0.01 ग्रॅमपर्यंत वजन, व्यास आणि ओळख पटवणारी एखादी खूण. विम्याच्या दाव्यात 'चांदीचे जुने नाणे' एवढ्या नोंदीला काही किंमत नाही.

आता घरची बाजू, आणि खरा पैसा इथेच घालावा. सगळ्यांत समाधानकारक जोडी म्हणजे चौकोनी कॅप्सूल आणि उथळ ट्रे. लाइटहाऊस कंपनीच्या क्वाड्रम कॅप्सूल बाहेरून 50 × 50 मिलिमीटर असतात आणि आतली फोमची चकती नाण्याच्या व्यासानुसार मिळते. त्यामुळे लहान-मोठी नाणी एकाच ट्रेमध्ये ओळीत बसतात, हातात घेऊन फिरवता येतात आणि धातूला बोट लागत नाही. व्यास कॅलिपरने मोजूनच चकती मागवा. सैल बसली तर नाणे आत हलून कडा घासतात. घट्ट बसली तर ते दाबून बसवावे लागते, आणि दाबायला अंगठा नेमका दर्शनी भागावर पडतो. तांब्यावर उमटलेला ठसा पुढे निघत नाही.

पुठ्ठ्याचे खिडकीवाले होल्डर स्वस्त आणि चांगले आहेत, फक्त स्टेपलच्या पिना पकडीने चपट्या करा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडे येतात. नाणे काढायचे असेल तेव्हा आधी चारही पिना काढायच्या, होल्डर फाडायचा नाही.

मऊ, लवचिक पाकिटे आणि अल्बमची पाने यांच्यापासून सावध राहा. नव्या रेनकोटसारखा वास आला तर ते पीव्हीसी प्लॅस्टिक समजा. त्यातून कालांतराने आम्ल आणि तेलकट द्रव सुटतो आणि नाण्यावर हिरवा चिकट थर बसतो. शंका असेल तर तांब्याची तार लाल तापवून प्लॅस्टिकला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर ते पाकीट टाकून द्या. ही चाचणी उघड्यावर करावी, धूर विषारी असतो. थर ताजा असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये, काचेच्या भांड्यात, न घासता काही मिनिटे बुडवल्यावर निघतो. ॲसिटोन पटकन पेटते, त्यामुळे आसपास ज्योत नको. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात इतर पदार्थ मिसळलेले असतात.

ट्रेचे लाकूडही बघून घ्यायला हवे. ओक आम्लाची वाफ सोडते आणि शिशाच्या नाण्यांची त्याने माती होते. एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचा) डिंकही घातक. जुन्या नाणेपेट्या महोगनीच्या असत त्या काही उगाच नाही. अस्तर लोकरीच्या फेल्टचे असेल तर त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. ब्रिटिश म्युझियममध्ये 1973 साली अँड्र्यू ऑडी यांनी बसवलेली चाचणी याचसाठी आहे: चांदी, तांबे आणि शिशाच्या पट्ट्या तपासायच्या वस्तूसोबत ओलसर हवेत, 60 अंशांवर 28 दिवस ठेवतात आणि त्या खराब होतात का ते बघतात. विक्रेत्याला या चाचणीबद्दल जरूर विचारा.

कांस्याच्या एखाद्या नाण्यावर फिक्या हिरव्या भुकटीचे ठिपके दिसले तर ते लगेच वेगळ्या हवाबंद डबीत, भरपूर सिलिका जेलसोबत ठेवा. लॉकरमधून नाणी घरी आणाल तेव्हा डबा बंदच ठेवून तासभर खोलीत राहू द्या. थंड धातूवर दव धरते, आणि ते पुसायला गेले की चकाकी जाते.