जुनं विजेचं इंजिन: नेहमीचं पीओएच, कायापालट की निवृत्ती?

विजेच्या इंजिनाचं आयुष्य रेल्वे ३५ वर्षं धरते. त्यातली निम्मी सरलेलं मालगाडीचं डब्ल्यूएजी-७ किंवा प्रवासी गाडीचं डब्ल्यूएपी-४ इंजिन दुरुस्तीच्या शेडमध्ये वारंवार येऊ लागलं, की त्याचं काय करायचं हे ठरवावं लागतं: नेहमीचं पीओएच (ठरावीक काळाने वर्कशॉपमध्ये होणारी मोठी दुरुस्ती), कायापालट (जुनी विद्युत यंत्रणा काढून नवी बसवणं) की निवृत्ती. बडोद्यात प्रतापनगर, दांडिया बाजाराकडच्या मराठी घरांतली कितीतरी मुलं रेल्वेत आहेत. त्यांतल्या ज्यांच्यावर आता अशी शिफारस करायची वेळ येते, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

नेहमीच्या पीओएचमध्ये बोगी (इंजिनाखालची चाकांची चौकट) सुटते, चाकं आणि बेअरिंगं पाहिली जातात, चाकं फिरवणाऱ्या ट्रॅक्शन मोटरचा कम्युटेटर (ब्रश टेकतात तो फिरता भाग) साफ होतो, कार्बन ब्रश बदलतात. यांत्रिक बाजू खरोखर ताजी होते. पण लाइनवर डीजे (इंजिनाचा मुख्य सर्किट ब्रेकर) ट्रिप होऊन गाडी अडते, तेव्हा दोष पुष्कळदा दुसरीकडे असतो: ब्लोअर, कॉम्प्रेसरला वीज देणाऱ्या आर्नोत, जुन्या रिलेंत (नियंत्रणाच्या विद्युत स्विचांत) किंवा वायरिंगमध्ये. या गोष्टी नेहमीच्या पीओएचमध्ये तपासल्या जातात, पण जुन्याच राहतात.

कायापालटाची खरी मजा इथे आहे. आर्नो हे फिरतं यंत्र एका फेजमधून तीन फेज बनवतं, पण तिन्ही सारख्या देत नाही. तारेतलं व्होल्टेज हललं की त्याचंही हलतं, आणि ब्लोअर, कॉम्प्रेसरच्या मोटरी तापून जळतात. त्याच्या जागी १८० केव्हीएचा स्टॅटिक (फिरता भाग नसलेला, इलेक्ट्रॉनिक) कन्व्हर्टर बसवला, की ४१५ व्होल्टचा समतोल पुरवठा मिळतो आणि मोटरी झटका न खाता सुरू होतात. रिलेंच्या जाळ्याऐवजी मायक्रोप्रोसेसर आला, की दोषाची नोंद राहते आणि अंदाजाने शोधाशोध करावी लागत नाही.

पण माझा आग्रह वायरिंगचा आहे. इन्सुलेशन कडक होऊन तडकलेल्या केबलवर नवं इलेक्ट्रॉनिक्स बसवलं, तर पहिल्याच पावसाळ्यात अर्थ फॉल्ट (वीज इंजिनाच्या सांगाड्यात गळणं) सुरू होतात आणि दोष नव्या कन्व्हर्टरवर येतो. पैसे कमी असतील तर कन्व्हर्टर पुढे ढकला, केबल बदलणं पुढे ढकलू नका. शिवाय बडोद्याच्या मे महिन्यातल्या उन्हात आणि धुळीत इलेक्ट्रॉनिक्सची कार्ड (सर्किट बोर्ड) टिकवायची तर फिल्टर वेळेवर बदलायला हवेत, आणि कार्ड तपासणारा माणूस शेडमध्येच हवा. तो नसेल तर प्रत्येक बिघाडाला कंपनीची वाट बघावी लागेल.

निवृत्तीच्या बाजूनेही भक्कम मुद्दा आहे. या इंजिनांचा कितीही कायापालट केला तरी ब्रेक लावताना तारेत वीज परत जाणार नाही. ते डब्ल्यूएजी-९, डब्ल्यूएपी-७ सारख्या थ्री-फेज मोटरींच्या नव्या इंजिनांचंच काम. दाहोदच्या बाजूच्या चढ-उतारावर हा फरक मोठा आहे. पूर्वी डब्ल्यूएपी-१ ला हिताची मोटरी बसवून डब्ल्यूएपी-४ केलं, ३८०० वरून ५००० अश्वशक्तीपर्यंत नेलं. तो निर्णय तेव्हा योग्यच होता. पण आता तुलना नव्या थ्री-फेजशी आहे.

म्हणून मी आधी दोन गोष्टी मागेन: ट्रान्सफॉर्मरची आतली स्थिती सांगणारा त्याच्या तेलातल्या वायूंचा अहवाल आणि बोगी फ्रेमच्या तड्यांची तपासणी. दोन्ही चांगले असतील आणि दहा-बारा वर्षं हाताशी असतील, तर कायापालट करा, वायरिंगसकट. पाचेक वर्षंच उरली असतील तर पीओएच पुरे, आणि इंजिन हलक्या कामावर लावा. ट्रान्सफॉर्मर किंवा फ्रेम गेली असेल तर थेट निवृत्ती. फक्त वय पाहून ठरवू नका. दोन समवयस्क इंजिनांची फेल्युअरची नोंद पाहिलीत तर फरक लगेच दिसेल.

जुन्या डब्ल्यूएजी-९ आणि डब्ल्यूएपी-७ चं मात्र वेगळं आहे. त्यांतल्या जीटीओ (जुन्या प्रकारचा इलेक्ट्रॉनिक स्विच) कन्व्हर्टरचे भाग मिळणं कठीण झालं आहे, आणि मोटरी, ट्रान्सफॉर्मर धडधाकट असताना एका भागापायी इंजिन उभं राहतं. तिथे आयजीबीटी (त्याच कामाचा नवा स्विच) कन्व्हर्टर बसवायला उशीर करू नका, आणि निघालेले चांगले जीटीओ बाकीच्या इंजिनांसाठी जपून ठेवा.