मान फिरवणारं प्लास्टिकचं घुबड : सोळा दिवस ढाबळीवर ठेवून पाहिलं

पाचपैकी दीड तारा. तो दीडही बनावटीसाठी दिला आहे. शिकारी पक्षी दूर ठेवायला म्हणून कबुतरं उडवणाऱ्या कोणीही हे घुबड घेऊ नये. बागेतल्या रोपांसाठी हवं असेल तर तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याबद्दल मला काही सांगता येणार नाही.

घुबड आणलं तेव्हा माझ्याकडे बावीस कबुतरं होती. बहुतेक टिपलर, चार गिरेबाज (दोन्ही कबुतरांच्या जाती). ढाबळ, म्हणजे कबुतरांचं घर, अण्णांची. ते गेल्यापासून नऊ वर्षं मी सांभाळते आहे. टिपलर ज्यांनी पाळलेत त्यांना ठाऊक आहे, हा पक्षी उडण्यासाठीच जन्मलेला. स्पर्धेतले टिपलर वीस तासांच्या वर हवेत राहिलेले आहेत. माझे तीन-चार तास उडतात, तेवढ्यात माझं मन भरतं.

आधी वस्तूबद्दल. घुबड साधारण हातभर उंच, आतून पोकळ, तळाला बूच. त्यातून वाळू भरायची, म्हणजे वाऱ्याने पडत नाही. ही सोय चांगली आहे, जोरदार वाऱ्यातही ते हललं नाही. डोक्यावर सोलरची लहान पट्टी आहे, तिच्यावर मान फिरते. कडक उन्हात सतत फिरते, ढग आले की थांबते, आणि सकाळी लवकर व संध्याकाळी, म्हणजे शिकारी पक्षी जास्त फिरतात नेमकी त्या वेळेला, ती जवळजवळ हलतच नाही. शिवाय ती गरगर पूर्ण वाटोळी फिरते. खरं घुबड मान एका बाजूला साधारण २७० अंशांपर्यंत वळवतं आणि परत आणतं. पूर्ण फेरी कुठलंच घुबड मारत नाही. माणसाला हा फरक किरकोळ वाटेल. डोळ्यांवरच पोट भरणाऱ्या पक्ष्याला तो किरकोळ वाटत असेल, असं मला वाटत नाही. डोळ्यांचा पिवळा रंग दुसऱ्याच आठवड्यात फिका पडला.

घेतलं का, तर दोन महिन्यांत शिकारी पक्ष्यांनी माझी चार कबुतरं नेली होती. ओळखीतल्या एकाने सापळा सुचवला, दुसऱ्याने विष. दोघांनाही मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. अण्णांनी मला लहानपणी एक गोष्ट सांगितली होती, ती अजून डोक्यात आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये लष्कराची निरोप नेणारी कबुतरं वाचवायची म्हणून १९४० मध्ये बहिरी ससाणे मारायचा हुकूम निघाला आणि सुमारे सहाशे ससाणे मारले गेले. पुढे १९६० च्या सुमारास शर्यतीची कबुतरं पाळणाऱ्यांनी तक्रार केली की ससाणे फार माजलेत, त्यांचं संरक्षण काढा. म्हणून डेरेक रॅटक्लिफ या पक्षी-अभ्यासकांकडे पाहणीचं काम दिलं गेलं. निघालं नेमकं उलटं. कडेकपारीतली घरटी रिकामी पडत होती, अंडी घरट्यातच फुटत होती. कारण डीडीटीसारखी कीटकनाशकं, त्यांनी कवच पातळ होत होतं. रॅटक्लिफ यांनी ते १९६७ मध्ये मोजमापांसह मांडलं. म्हणजे ससाणा संपत चाललाय हे जगाला कळलं, त्यामागे कबुतरवाल्यांची तक्रारच होती. आपल्या छंदातली ही गोष्ट मी विसरू शकत नाही. बहिरी ससाणा आपलं कबूतर नेतो तेव्हा पोटात खड्डा पडतो, तरी त्याला मारायचा विचार माझ्या ढाबळीत येणार नाही. म्हणूनच ‘कोणालाही इजा न करता शिकारी पक्षी दूर ठेवतो’ हे खोक्यावरचं वाक्य वाचून मी हे घुबड घेतलं.

पहिल्या दिवशी ते उतरायच्या फळीपासून दोन मीटरवर खांबावर बसवलं. तीन तास उडून थवा खाली आला, घुबड दिसलं आणि थवा फुटला. एरवी माझी कबुतरं एकत्र वळतात, एकत्र पंख मिटतात, मिनिटभरात सगळी आत असतात. त्या दिवशी दोन फळीवर आली, पाच समोरच्या पाण्याच्या टाकीवर बसली, बाकीची घिरट्या घालत राहिली. शेवटचं कबूतर अंधार पडताना आत आलं. कबुतराला अंधारात नीट दिसत नाही. त्या वेळी बाहेर राहणं म्हणजे त्याचा जीव टांगणीला.

चौथ्या दिवशी भीती गेली. सहाव्या दिवशी एक नर घुबडाच्या डोक्यावर बसून अंग साफ करत होता. खोक्यातल्या कागदावर लिहिलं होतं की दर दोन-तीन दिवसांनी जागा बदलावी, म्हणून आठव्या दिवशी सकाळी मी ते छपराच्या दुसऱ्या टोकाला नेलं. खरी अडचण इथेच आहे. जागा बदलली नाही तर शिकारी पक्ष्याला ते दगडासारखं होतं. बदलली तर माझीच कबुतरं पुन्हा बिथरतात.

आठव्या दिवशी थवा पुन्हा फुटला, नवव्या दिवशीही. नवव्या दिवशी लाल मादी एकटी मागे राहिली. फळीवर येते, बिचकते, परत उठते, असं तिने तीनदा केलं. चौथ्यांदा ती उठली आणि झाडांच्या आडून एक पक्षी आला. आखूड गोलसर पंख, लांब पट्टेदार शेपूट, म्हणजे शिक्र्याच्या कुळातला, आणि अंगाने मोठा, म्हणजे मादी. या पक्ष्यांत मादी नरापेक्षा बरीच मोठी असते. दोन सेकंदांत सगळं आटोपलं. घुबड तिथून चार मीटरवर मान फिरवत होतं. लाल मादी अण्णांच्या हातची शेवटची पैदास होती.

नंतर मी शांतपणे विचार केला तेव्हा कळलं, आम्हीच तिला एकटं पाडलं होतं. केनवर्ड नावाच्या अभ्यासकाने १९७८ मध्ये शिकवलेला बाज रानकबुतरांवर सोडून पाहिलं होतं. एकट्या कबुतरावरचे साधारण ८० टक्के हल्ले यशस्वी झाले, पन्नासहून मोठ्या थव्यावरचे जेमतेम १० टक्के. मोठ्या थव्यात कोणाला तरी लवकर दिसतं आणि सगळे वेळेत उठतात. थवा एकत्र राहणं हीच कबुतराची ढाल आहे, आणि हे घुबड उतरण्याच्या वेळी, म्हणजे सगळ्यात नाजूक क्षणी, तीच फोडतं.

हवेतल्या धोक्यावर तर त्याचा काहीच उपयोग नाही. बहिरी ससाणा शेकडो मीटर उंचावरून ताशी ३०० किलोमीटरच्या वर वेगाने झेपावतो. छपरावर काय ठेवलंय याच्याशी त्याचा संबंध नसतो. तो थवा नजरेत ठेवतो. (ज्यांच्याकडे घारी फिरतात त्यांनी घार आणि ससाणा यांत गल्लत करू नये. घारीची शेपूट दुभंगलेली, उडणं संथ. घार वर असताना माझी कबुतरं ढिम्म असतात. ससाणा दिसला की गोळा होऊन वर चढतात. त्यांच्याकडे पाहिलं तरी कळतं.)

सोळाव्या दिवशी त्याच कुळातल्या एका पक्ष्याने घुबडावरच दोनदा झडप घातली, डोक्याला नखं घासून वर गेला. तेव्हा लक्षात आलं की शिकारी पक्षी घुबडाला घाबरत नाहीत, त्याचा राग करतात. संशोधक ससाण्यांच्या पायात ओळखीची कडी चढवण्यासाठी घरट्याजवळ मोठं जिवंत घुबड बसवतात आणि पुढे पातळ जाळं उभं करतात. आईबाप घुबडावर तुटून पडतात आणि जाळ्यात येतात. पकडण्याची ही पद्धत आहे. घरट्यांच्या हंगामात ढाबळीवर घुबड ठेवणं म्हणजे शिकाऱ्याला आपण होऊन बोलावणं. त्याच संध्याकाळी मी ते उतरवलं.

कोणी विचारलं की मग काय करायचं, तर माझ्याकडे अण्णांचंच उत्तर आहे. उडवण्याआधी पोटभर दाणे द्यायचे नाहीत. उतरल्यावरच द्यायचे, आणि डबा रोज एकाच आवाजात वाजवायचा. भुकेलं कबूतर छपरावर रेंगाळत नाही. फळीमागे लोंबत्या तारांची खिडकी ठेवायची, तारा आत ढकलल्या जातात पण बाहेर उघडत नाहीत, म्हणजे कोणीही दारात थबकत नाही. रोज एकाच वेळी सोडायचं नाही. धुकं असलं की सोडायचं नाही. आजारी किंवा पिसं गाळणारं कबूतर किंवा नुकतं उडायला शिकलेलं पिल्लू मोठ्या थव्याबरोबर सोडायचं नाही, कारण एक मागे पडलं की शिकारी त्यालाच धरतो. आणि शिकारी पक्षी रोज यायला लागला तर दोन-तीन आठवडे सरळ ढाबळ बंद. कबुतरं जाळीच्या पिंजऱ्यात ऊन खातात, चिडतात, पण जिवंत राहतात. तेवढ्या दिवसांत तो पक्षी दुसरीकडे वळतो, हे मी तीनदा अनुभवलं आहे.

मी ढाबळ अठरा दिवस बंद ठेवली. काल सकाळी पहिल्यांदा एकवीस सोडली. अडीच तास उडाली, डबा वाजवला, आणि शेवटच्या कबुतराच्या मागे तारा खाली पडल्या तेव्हा घड्याळात पन्नास सेकंद झाले होते.