गेमिंग प्रँकचे व्हिडिओ: यूट्यूब किड्स काय अडवतं, काय सोडतं

आधी निकाल. शिव्या, रक्तपात आणि नको त्या जाहिराती बऱ्यापैकी बाहेर ठेवायला यूट्यूब किड्स हे फुकट ॲप चांगलं आहे. प्रँक मात्र त्याला कळत नाही. ‘धाकट्या भावाचं माइनक्राफ्टमधलं घर उडवलं’ असल्या नावाचा व्हिडिओ यंत्राच्या लेखी ठोकळ्यांचा निरुपद्रवी खेळ असतो. त्यात हसतंय कोण आणि रडतंय कोण, हे बघायला घरातलं मोठं माणूसच लागतं. पाचपैकी तीन तारे, तेही सेटिंग नीट लावली असतील तर.

भारतात हे ॲप २०१६ पासून आहे. वयाचे तीन गट आहेत: चार वर्षांपर्यंत, पाच ते आठ आणि नऊ ते बारा. गेमिंगचा खरा भरणा तिसऱ्या गटात, त्यामुळे दुसरीतली मुलं ‘मोठ्यांचं लाव’ म्हणून मागे लागतात. लावू नका. त्याऐवजी चौथा पर्याय निवडा, ज्यात फक्त पालकांनी मंजूर केलेलंच दिसतं आणि सर्च आपोआप बंद होतो. हे किचकट आहे, एकेक चॅनेल, एकेक व्हिडिओ निवडत बसावं लागतं. पण आठ वर्षांखालच्या मुलासाठी खात्रीचा मार्ग हाच. प्रँकवाल्यांचं अख्खं चॅनेल मंजूर करू नये. आजचे दहा व्हिडिओ गमतीचे निघाले तरी उद्या काय येईल याचा भरवसा नाही, आणि मंजूर चॅनेलचा नवा व्हिडिओही मुलाला दिसतो. व्हिडिओ सुटा मंजूर करा.

पालकांच्या सेटिंगमध्ये जायला कोपऱ्यातल्या कुलपावर दाबायचं, की ॲप गुणाकाराचं गणित विचारतं. तीस पर्यंतचे पाढे घोकून घेणाऱ्या घरांत हे कुलूप फार दिवस टिकत नाही. त्याच ठिकाणी स्वतःचा चार आकडी पासकोड ठेवता येतो, तो पहिल्याच दिवशी टाका. एखादं चॅनेल नको वाटलं तर व्हिडिओवरच्या तीन टिंबांमधून ब्लॉक करता येतं. टायमर आहे, बघितलेल्याची यादी आहे. यादी आठवड्यातून एकदा चाळली तरी पुरे.

नऊच्या पुढची मुलं किड्स ॲपला ‘बाळांचं’ म्हणून नाक मुरडतात. त्यांच्यासाठी मूळ यूट्यूबवर पालकांच्या देखरेखीखालचं खातं काढता येतं. त्यात तीन पायऱ्या आहेत: एक्सप्लोर साधारण नऊ वर्षांपुढे, एक्सप्लोर मोअर तेरापुढे आणि तिसरीत अठरा वर्षांवरचं म्हणून चिन्ह असलेलं सोडून जवळजवळ सगळं यूट्यूब. एक्सप्लोर मोअरपासून लाइव्ह स्ट्रीम सुरू होतात. गेमिंगमध्ये हा मोठा फरक आहे, कारण संपादन करून टाकलेल्या व्हिडिओत शिवीवर बीप बसते, लाइव्हमध्ये ती निसटते. सातवीच्या आतल्या मुलाला एक्सप्लोरच ठेवावं, वर्गातल्या बाकीच्यांकडे काहीही असो.

आता चाळणीतून जे सुटतं त्याबद्दल, कारण खरी मेख तिथे आहे.

व्हिडिओ तपासायला लॅपटॉप घ्या, फोनवर वेळ जातो. वेग दीडपट करा. एल दाबलं की दहा सेकंद पुढे, जे दाबलं की दहा मागे. लोकप्रिय व्हिडिओच्या खालच्या पट्टीवर माउस नेला की डोंगरासारखा आलेख दिसतो. उंच टोक म्हणजे लोकांनी परत परत बघितलेला भाग, आणि प्रँक बहुधा तिथेच असतो. त्याच्या आधीचं एक मिनिट आणि नंतरची दोन मिनिटं पूर्ण बघा. आधीच्या मिनिटात तयारी कळते, नंतरच्या दोनात खरा निर्णय होतो: ज्याला फसवलं त्याला सांगितलं का, तो हसला का, मोडलेलं परत बांधून दिलं का. नुसता रडका चेहरा थंबनेलवर लावून व्हिडिओ संपत असेल तर तो बाद. हिंदी व्हिडिओला बऱ्याचदा ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे बोलण्याचा लिहून आलेला मजकूर, मिळतो, त्यात शब्द शोधता येतो. मात्र यंत्राने ऐकलेली शिवी भलत्याच रूपात उतरलेली असते, म्हणून कानही लागतात.

दोन्ही खेळाडूंचे चेहरे वेगवेगळ्या कॅमेऱ्यांतून स्वच्छ दिसत असतील, तर प्रँक आधी ठरवलेला आहे असं धरायला हरकत नाही. त्यात वाईट काही नाही. अडचण इतकीच की सात वर्षांच्या मुलाला हे नाटक आहे हे कळत नाही आणि ते तोच प्रयोग खऱ्या माणसावर करतं. सराईत मंडळी माइनक्राफ्टमधल्या जगाची कॉपी काढून ती कॉपी उडवतात. व्हिडिओत हे कोणी सांगत नाही. आपल्याकडचं मूल थेट मित्राच्या मूळ जगात टीएनटी हे खेळातलं स्फोटक लावतं, आणि ते जग परत येत नाही. महिनाभर बांधलेलं असं जग उडणं म्हणजे दिवाळीतला किल्ला कोणीतरी वसुबारसेच्या आधीच तुडवणं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये नंतर होणारी भांडणं त्यामुळेच खरी असतात.

यावर उपाय व्हिडिओत नाही, खेळात आहे. फोन-टॅबवरच्या माइनक्राफ्टमध्ये जगाच्या नावापुढच्या पेन्सिलीवर दाबलं की आत ‘कॉपी वर्ल्ड’ मिळतं. मित्र खेळायला येण्याआधी एक प्रत काढून ठेवायची. कॉम्प्युटरवरच्या जावा आवृत्तीत ‘एडिट’मध्ये बॅकअप आहे. फोन-टॅबवर टीएनटी फुटणं आणि आग पसरणं दोन्ही जगाच्या सेटिंगमधून बंद होतं. नव्या मित्राला परवानग्यांमध्ये आधी ‘व्हिजिटर’ ठेवा. त्याला फिरता येतं, मोडता-लावता येत नाही. भरवसा बसला की ‘मेंबर’ करा. ‘ऑपरेटर’ कोणालाही नको, चुलतभावालाही नको.

दुसरा प्रकार जास्त घातक: ‘तुझं अकाउंट बॅन झालं’, ‘मी ॲडमिन आहे’, ‘हॅक केलं’ असले प्रँक. गंमत म्हणून बघताना मुलाला सवय लागते की कोणीतरी अधिकारी बनून पासवर्ड विचारतं आणि शेवटी सगळे हसतात. खऱ्या भामट्याचीही हीच पद्धत, शेवटचं हसणं तेवढं नसतं. व्हिडिओखालच्या वर्णनात फुकट रोबक्स किंवा फुकट डायमंडची (गेममधल्या विकतच्या चलनाची) लिंक असेल तर पुढे बघायचीच गरज नाही, चॅनेल ब्लॉक. रोबक्स देणारं कुठलंही ‘जनरेटर’ खरं नसतं. आईबाबांच्या फोनवर मूल बघत असेल तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लावा. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, कारण जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात.

शीर्षकात कार्टून आणि आत जीटीए हा मारधाडीचा गेम, हा आणखी एक फसवा माल. पात्र लहान मुलांच्या मालिकेतलं असतं, गेम मात्र युरोपातल्या वयाच्या मानांकनानुसार अठरा वर्षांवरचा. गाडीखाली माणसं चिरडून पोलिसांना चकवणं हाच तिथला प्रँक. पात्राच्या चेहऱ्यावर जाऊ नका, मागचं शहर बघा. खरे वाटणारे रस्ते, माणसं आणि बंदुका दिसल्या की बारा वर्षांखाली नाही.

अचानक किंचाळणारं भूत दाखवणारे प्रँक पाच-सहा वर्षांच्या मुलांना झोपेत छळतात. हे तपासायला आवाज पूर्ण ठेवून बघावं लागतं. आवाज बंद करून बघितलेला व्हिडिओ नेहमीच सौम्य वाटतो.

जाहिरातींबद्दल थोडक्यात. किड्स ॲपवर खाण्यापिण्याच्या जाहिराती घ्यायच्या नाहीत असा यूट्यूबचा नियम आहे, आणि पैसे भरून यूट्यूब प्रीमियम घेतलं की यूट्यूबच्या जाहिराती जातात. पण युट्यूबर स्वतः बोलून जी वस्तू विकतो ती प्रीमियममध्येही राहते. पैसे लावून खेळायच्या गेमवर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, त्यांची जाहिरातही चालत नाही. जुन्या व्हिडिओंत मात्र ती अजून सापडते. प्रँक सुरू होण्याआधीचं पहिलं मिनिट यासाठी बघावं.

मुलाला खऱ्या आयुष्यात रडवणारे व्हिडिओ, म्हणजे भावाचा कन्सोल फोडला किंवा खातं उडवलं, हे यूट्यूबच्या नियमातच बसत नाहीत. लहान मुलांना तीव्र मानसिक त्रास देणाऱ्या प्रँकवर बंदी असल्याचं कंपनीने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. तरी ते सापडतात. रिपोर्ट करा, आणि ब्लॉकही करा, कारण रिपोर्टचा निकाल लागेपर्यंत व्हिडिओ तिथेच असतो.

मूल काय शिकलं हे तपासायला भाषण नको. व्हिडिओ संपल्यावर ‘ज्याला फसवलं त्याला शेवटी कळलं का?’ एवढंच विचारा. उत्तर आलं तर त्याने माणूस बघितला. नुसतं ‘कसला भारी स्फोट झाला!’ आलं तर पुढचे काही व्हिडिओ शेजारी बसून बघा. आणि सोसायटीत दुपारी एक ते चारमध्ये लोकांच्या बेल वाजायला लागल्या, तर अलीकडे काय बघितलं ती यादी उघडा.

सगळं लावून झाल्यावर एक भोक हमखास राहतं: आजी-आजोबांकडचा स्मार्ट टीव्ही. शनिवारी मुलं नारायण पेठेत गेली की तिथे आजोबांच्या खात्यावर यूट्यूब चालतं आणि कोथरूडच्या फोनवरचं एकही सेटिंग तिथे लागू होत नाही. मोठ्यांसाठीचे व्हिडिओ गाळणारा रिस्ट्रिक्टेड मोड प्रत्येक उपकरणावर वेगळा लावावा लागतो आणि रिमोट हातात असलेला कोणीही तो बंद करतो. त्यापेक्षा टीव्हीवरच्या यूट्यूब ॲपमध्येच पालकांच्या खात्याने मुलाचं किड्स प्रोफाइल जोडा, आणि आजोबांच्या खात्यावर ऑटोप्ले बंद करून ठेवा. आजोबांची कीर्तनं त्याने अडत नाहीत.