कावळा शिवेना तेव्हा: भुतांच्या चार कादंबऱ्या, आधी कोणती घ्यावी?

माझ्या थोरल्या मावशीच्या दहाव्याला कावळा शिवेना. घाटावर ऊन चढलेलं, पिंडांवरचे काळे तीळ वाळत चाललेले, आणि पलीकडच्या पिंपळावर चार-पाच कावळे नुसते बसून होते. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तेवढ्यात मामा पुढे झाले. हात जोडून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अक्का, तुझ्या लेकीला अंतर देणार नाही. या घरातला तुझा वाटा तिच्या नावावर करून देतो." मावशीची मुलगी नवऱ्याने टाकलेली, माहेरी राहिलेली. त्या वाट्याचं सगळ्यांना ठाऊक होतं, पण मावशी असताना कुणी तोंड उघडलं नव्हतं. थोड्या वेळाने एक कावळा उतरला. तो कशाने उतरला यावर आम्ही भावंडं अजून वाद घालतो. मामांचं वाक्य मात्र आम्हा सगळ्यांना पाठ आहे.

भुताखेतांच्या ज्या कादंबऱ्या मी परत परत वाचते, त्या सगळ्यांत मला हा घाट दिसतो. गेलेलं माणूस अडून बसलेलं असतं आणि जिवंतांपैकी कुणीतरी काहीतरी कबूल करायचं राहिलेलं असतं. ते कुणी कबूल करायचं, घराने, गावाने की सरकारने, यावर पुस्तकाची जात ठरते. परवा एका मैत्रिणीने विचारलं. ती मराठी गूढकथांवर वाढलेली. आता जरा बाहेरचं वाचायचं म्हणून तिने चार नावं काढून ठेवलीत: हुआन रुल्फोची 'पेद्रो पारामो', टोनी मॉरिसनची 'बिलव्हेड', शेहान करुणातिलकची 'द सेव्हन मून्स ऑफ माली अल्मेडा' आणि मिखाइल बुल्गाकोवची 'द मास्टर अँड मार्गारिटा'. "सध्या एकच घेणार आहे, कोणती घेऊ?" फोनवर उत्तर उरकेना, म्हणून लिहायला बसले.

आधी जाडीबद्दल सांगते, कारण दुकानात आपण तीच बघतो. 'पेद्रो पारामो' सव्वाशे पानांच्या आसपास आहे आणि चौघींत वाचायला तीच सगळ्यात अवघड. माली अल्मेडा तिच्या तिप्पट जाड असूनही भराभर सरते. तेव्हा "बारकी आहे, एका रात्रीत होईल" म्हणून रुल्फो उचलू नका.

रुल्फोची कादंबरी १९५५ची. आई मरताना हुआन प्रेसियादोकडून वचन घेते: कोमालाला जा, बापाला भेट, आणि आपल्या हक्काचं जे त्याने दिलं नाही ते माग. हा निघतो. वाटेत आबुंदियो नावाचा गाढवं हाकणारा भेटतो. तो सांगतो की मीही पेद्रो पारामोचाच मुलगा, आणि आपला बाप मरून बरीच वर्षं झाली. कोमाला इतकं तापतं, की तिथला माणूस मेल्यावर नरकात गेला तरी गारठतो आणि घोंगडं न्यायला परत येतो, असं तो म्हणतो. गावात पोचल्यावर जो भेटतो तो बोलतो, पण आपण बोलतोय तो माणूस जिवंत आहे का, हे ना हुआनला कळत ना आपल्याला. प्रकरणं नाहीत. छोटे छोटे तुकडे आहेत, आणि दोन तुकड्यांमध्ये कधी तीस-चाळीस वर्षं निघून गेलेली असतात.

यातला एक तुकडा मला सोडत नाही. हुआनला झोपायला एक रिकामी खोली मिळते. रात्री किंकाळी ऐकून तो उठतो. त्या खोलीत तोरिबियो आल्द्रेतेला फास दिलेला असतो. जमिनीच्या हद्दीवरून त्याचं पेद्रो पारामोच्या कारभाऱ्याशी वाजलेलं. नंतर खोलीचं दार बंद करून टाकलं, पण किंकाळी आतच राहिली. बांधाच्या भांडणात माणूस संपतो आणि गाव गप्प बसतं, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. म्हणूनच मेक्सिकोतलं हे गाव मला कधी परकं वाटलं नाही.

आणि धर्म? कोमालाचे पाद्री रेंतेरिया मनाने वाईट नाहीत, हेच जास्त लागतं. पेद्रो पारामोचा उनाड मुलगा घोड्यावरून पडून मरतो. या पोराने पाद्रींच्याच सख्ख्या भावाला मारलेलं असतं, पुतणीवर बळजबरी केलेली असते. तरी बापाने पुढ्यात ठेवलेली सोन्याची नाणी घेऊन ते त्याच्यासाठी देवाकडे क्षमा मागतात. आत्महत्या केलेल्या एदुविखेससाठी तिची बहीण रडून विनवते, पण प्रार्थनांचे पैसे तिच्याजवळ नसतात, म्हणून एदुविखेसला क्षमा नाही. पुढे रेंतेरिया स्वतः दुसऱ्या गावच्या पाद्रीकडे पापाची कबुली द्यायला जातात, तेव्हा तोही त्यांना क्षमा नाकारतो. कोमालात कावळा कधीच शिवायचा नाही, कारण पुढे होऊन बोलणारं माणूसच तिथे उरलेलं नाही. एकदा वाचून ही कादंबरी हाती लागत नाही. संपवून लगेच पुन्हा पहिल्या पानावर जायची तयारी असेल तरच घ्या.

आता 'बिलव्हेड'. चौघींत ही सगळ्यात श्रेष्ठ, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रसिद्ध झाली १९८७ साली, पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं आणि १९९३ मध्ये मॉरिसनबाईंना नोबेल. कथा सुरू होते १८७३ मध्ये, ओहायोतल्या सिनसिनाटीत, १२४ नंबरच्या घरात. हे साल मराठी वाचकाने जरा थांबून पाहावं. त्याच १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' छापून आली, आणि ती त्यांनी अर्पण केली होती अमेरिकेतल्या गुलामांना मोकळं करण्यासाठी झटलेल्या तिथल्या सदाचारी लोकांना. फुल्यांना इथून ती सुटका दिसत होती आणि तिच्यात आपल्या शूद्रातिशूद्रांसाठी आशा दिसत होती. कायद्याने गुलामी संपून तेव्हा आठ वर्षं झाली होती. कायदा झाल्यावरही घरात काय उरतं, ते मॉरिसनबाई १२४ नंबरच्या दारातून आत नेऊन दाखवतात.

त्या घरात तान्ह्या मुलीचं भूत आहे. आरसा फुटतो, केकवर चिमुकले पंजे उमटतात, दोन्ही मुलगे घर सोडून पळून गेलेत. घर बदलू या म्हटलं तर आजी, बेबी सग्ज, म्हणायची की या देशातल्या कुठल्या घराच्या आढ्यापर्यंत मेलेल्या काळ्या माणसाचं दुःख भरलेलं नाही ते सांगा. मुलीला मारलंय तिच्या आईनेच, सेथने. हे मी आधी सांगून टाकते, कारण ही कादंबरी त्या रहस्यावर उभी नाही. १८५६ मध्ये मार्गारेट गार्नर नावाची बाई केंटकीहून गोठलेली ओहायो नदी ओलांडून पळाली. मालकाची माणसं पकडायला आली तेव्हा पोरांना पुन्हा गुलामीत जाऊ द्यायचं नाही म्हणून तिने आपल्या मुलीचा जीव घेतला. मॉरिसनबाईंना कादंबरी सुचली ती तिच्यावरून. ती मुलगी परत आली तर, एवढं त्यांनी पुढे धरलं. ती येते, अठरा वर्षांनी, पाण्यातून, विशीतली होऊन, आणि पेल्यामागून पेला पाणी पीत राहते.

दोन गोष्टी अगदी जवळून बघा. मुलीच्या थडग्यावर शब्द कोरून घ्यायला सेथकडे पैसे नव्हते. कोरणाऱ्याला दहा मिनिटं शरीर दिलं, तेव्हा एक शब्द मिळाला, इंग्रजीतली सात अक्षरं. आणखी दहा मिनिटं दिली असती तर अजून एक शब्द मिळाला असता का, हे ती मनात घोळवत राहते. दुसरी गोष्ट मालकाच्या वहीची. शिकलेला माणूस तो, मळ्यावर त्याला 'स्कूलटीचर' म्हणतात. तो आपल्या शिष्यांना सेथची माणसासारखी लक्षणं एका बाजूला आणि जनावरासारखी दुसऱ्या बाजूला लिहायला लावतो. ज्या शाईने हे लिहिलं जातं ती शाई सेथनेच घोटून दिलेली असते. माणसांची प्रतवारी लावणाऱ्या पोथ्या ज्या समाजात पिढ्यान्पिढ्या वाचल्या गेल्या, त्या समाजातल्या वाचकाला ही वही लांबची वाटू नये.

आणि तरी पुस्तक अंधारात सोडून जात नाही. बेबी सग्ज कुठल्या चर्चची नेमलेली प्रवचनकार नाही. रानातल्या मोकळ्या जागेत ती सगळ्यांना गोळा करते, हसायला लावते, रडायला लावते, नाचायला लावते. सांगते की तुमच्या हातांवर माया करा, मानेवर करा, काळजावर करा, कारण पलीकडचे ते करणार नाहीत. इतकं शरीराला धरून असलेलं अध्यात्म मी दुसऱ्या कुठल्या कादंबरीत वाचलेलं नाही. शेवटी त्या परत आलेल्या मुलीला घालवायला घरासमोर वस्तीतल्या तीस बायका जमतात. सेथने मुलीला मारलं त्या दिवशी मालक पकडायला येतोय हे दिसत असून याच वस्तीतून इशारा द्यायला कुणी धावलं नव्हतं. घाटावरचे मामा आठवतात ते इथे. बोलायचं राहिलेलं होतं ते वस्तीचं.

एक कळकळीने सांगते. घरात तान्हं बाळ असेल, किंवा मूल गमावल्याचं दुःख ताजं असेल, तर 'बिलव्हेड' आत्ता नको. माझी लेक सहा महिन्यांची असताना मी ही हातात घेतली आणि शंभराव्या पानाशी मिटून कपाटात वर ठेवली. दोन वर्षांनी पुन्हा काढली. भाषाही सोपी नाही, बोलीतली आहे, काळ मागेपुढे होतो. अडलात तर मॉरिसनबाईंनी स्वतःच्या आवाजात वाचलेलं ऑडिओबुक मिळतं. डोळ्यांना न कळलेली वाक्यं कानांना कळतात.

करुणातिलकच्या कादंबरीला २०२२चं बुकर मिळालं. श्रीलंकेत यादवी युद्ध चालू असताना, १९९०च्या कोलंबोत, माली अल्मेडा हा युद्धाची छायाचित्रं काढणारा, जुगारी, समलिंगी तरुण डोळे उघडतो तो मेल्यावर, एका सरकारी कचेरीत. रांगा, खिडक्या, तपासण्या, आरडाओरडा. कुणी मारलं ते त्याला आठवत नाही. मुदत सात चंद्रांची, म्हणजे सात रात्रींची. पलंगाखालच्या खोक्यात त्याने काढलेली छायाचित्रं आहेत. त्यांत १९८३च्या तमिळविरोधी हत्याकांडातले खुनी चेहऱ्यानिशी दिसतात. ती छायाचित्रं जिवंत दोस्तांपर्यंत पोचवायची कशी, ही सगळी धडपड. भुताने कुठे जावं याचा नियमही ठरलेला आहे: जिथे आपलं शरीर कधी गेलं होतं तिथे, किंवा जिथे कुणी आपलं नाव घेतंय तिथे.

खिडकीपलीकडे बसलेली डॉ. रानी ही जाफन्यात १९८९ मध्ये गोळ्या घालून मारलेल्या डॉ. रजनी थिराणगमा यांच्यावरून घडवलेली आहे. ती म्हणते, प्रकाशात जा, विसर. सेना नावाचा दुसरा मेलेला म्हणतो, थांब, सूड घे. विसरणं हीच मुक्ती असेल तर मेलेल्यांच्या बाजूने साक्ष कोण देणार, हा इथला खरा आध्यात्मिक पेच. पुनर्जन्म, भूत, मुक्ती या कल्पना आपल्या अंगवळणी पडलेल्या असल्याने मराठी वाचक इथे पहिल्या पानापासून घरचा होतो. आपली शांतिसेनाही या युद्धात होती आणि पुस्तकात ती येते. ती पानं भारतीय म्हणून वाचायला जड जातात, तरी वाचावीत. मधला भाग जरा लांबला आहे असं माझं मत. विकत घेताना एक लक्षात ठेवा: हीच कथा आधीच्या रूपात 'चॅट्स विथ द डेड' नावाने २०२०मध्ये भारतात आली होती. दोन वेगळ्या कादंबऱ्या समजून दोन्ही घेऊ नका.

बुल्गाकोवबद्दल थोडक्यात. १९२८ ते १९४०, मरेपर्यंत तो हे लिहीत होता. पत्नीने हस्तलिखित जपलं आणि १९६६-६७ मध्ये मासिकात छापलं गेलं तेही कात्री लावून. स्तालिनच्या मॉस्कोत सैतान उतरतो आणि मजा उडवून देतो. चौघींत खळखळून हसवणारी हीच. पण मी मैत्रिणीला सांगितली ती फ्रीडाची गोष्ट. तान्ह्या बाळाच्या तोंडात रुमाल कोंबून त्याला मारलेली ही कॅफेत काम करणारी बाई. मेल्यावरही रोज तो रुमाल तिच्या उशाशी येऊन पडतो. सैतान मार्गारिटाला एक इच्छा माग म्हणतो, तेव्हा हरवलेला प्रियकर मागायचा सोडून ती म्हणते, फ्रीडाला तो रुमाल देणं बंद करा. सेथच्या शेजारी ठेवून ही पानं वाचावीत. १९६७चं मिरा गिन्सबर्गचं इंग्रजी भाषांतर कापलेल्या आवृत्तीवरचं आहे, ते टाळून पेव्हिअर आणि व्होलोखोन्स्की यांचं घ्या.

मैत्रिणीला मी माली अल्मेडा घ्यायला सांगितली. ती रोज लोकलने जाते, गर्दीत वाचते, गूढकथांची तिला सवय आहे, तिला ही धरून ठेवील. कविता वाचणारी असती तर रुल्फो सांगितला असता, रुक्ष दिवस चालू असते तर बुल्गाकोव. 'बिलव्हेड' मात्र दुसरं पुस्तक म्हणून घे, दिवाळीनंतर, घरात निवांत असशील तेव्हा, असं सांगितलं. ती म्हणाली, "एकटीने नको, दोघी मिळून वाचू." मी माझी प्रत कपाटातून काढून ठेवली आहे.